मगरिबचा झिलईदार वाडगा

मराठी माणसाला 'बर्बर' हा शब्द नवा नाही. 'बर्बर हल्ला', 'बर्बरता', 'बर्बर टोळ्या' असे शब्दप्रयोग वर्तमानपत्रांत रोज वाचायला मिळतात. त्यामुळे जुन्या वस्तूंच्या एखाद्या दुकानात काचेमागे ठेवलेल्या हिरवट-पिवळ्या वाडग्याखाली 'जुना झिलईदार बर्बर वाडगा' अशी चिठ्ठी दिसली, तर आपल्या मनात पहिल्यांदा रानटी माणसे उभी राहतात आणि मग वाडगा दिसतो. चिठ्ठीतले तीनही शब्द, म्हणजे जुना, झिलईदार आणि बर्बर, तपासून पाहण्यासारखे आहेत. त्यातला शेवटचा सर्वांत आधी.

ग्रीक लोक आपली भाषा न बोलणाऱ्या सर्वांनाच 'बार्बारोस' म्हणत, म्हणजे 'बर्-बर्' असे काहीतरी अगम्य पुटपुटणारे. रोमनांनी तो शब्द उचलला. संस्कृतातही 'बर्बर' आहे आणि तिथेही अर्थ अडखळत बोलणारा, परका, असंस्कृत असाच. अरबांनी उत्तर आफ्रिकेच्या मूळ रहिवाशांना 'अल-बरबर' म्हटले. हे नाव कसे पडले याची एक गंमतीदार गोष्ट अरबी ग्रंथांतून फिरत राहिली. इफ्रीकिश नावाच्या यमनी राजाने म्हणे मगरिबवर स्वारी केली, तिथल्या लोकांची बोली ऐकली आणि 'काय ही तुमची बरबर!' असे उद्गार काढले. १३३२ मध्ये ट्युनिसला जन्मलेल्या इब्न खल्दूनने ही कथा नोंदवली आहे. पण 'मुकद्दिमा'त यमनी राजांच्या असल्या स्वाऱ्या त्याने बुद्धीला न पटणाऱ्या दंतकथांचा नमुना म्हणून निकालात काढल्या आहेत. एवढी मोठी फौज एवढ्या दूर गेली तर वाटेत तिने खाल्ले काय, असा त्याचा साधा प्रश्न आहे. इतिहास लिहिणाऱ्याने असे प्रश्न विचारायचे असतात.

हे लोक स्वतःला 'अमाझीग' म्हणतात, अनेकवचनी 'इमाझिघन'. भाषा तमाझिघ्त, लिपी तिफिनाग. मोरोक्कोच्या २०११ च्या राज्यघटनेने अरबीच्या जोडीला या भाषेला राजभाषेचा दर्जा दिला. अल्जीरियाने तो २०१६ मध्ये दिला. त्याआधी १९८० मध्ये कबिलियातल्या तिझी-ऊझू इथे प्राचीन कबाईल कवितेवरचे मुलूद मामेरी यांचे व्याख्यान सरकारने रोखले, तेव्हा विद्यार्थी रस्त्यावर आले होते. पक्के मुसलमान, पण घरची भाषा अरबी नाही, आणि म्हणून सतत कुणाला तरी खुलासा देत बसायचे, ही अवस्था मराठी मुसलमान वाचकाला फोड करून सांगायला नको.

आता वाडग्याकडे वळू. मगरिबमध्ये मातीची भांडी घडवण्याचे दोन मार्ग शतकानुशतके शेजारी शेजारी चालत आले. एक बायकांचा आणि दुसरा पुरुषांचा. कबिलियाचे डोंगर, मोरोक्कोतला रीफ, ट्युनिशियाच्या वायव्येचे सेजनान या खेड्यापाड्यांत बायका घरच्यासाठी भांडी करतात. चाक नाही, भट्टी नाही. माती खणून आणायची, भिजवायची, तिच्यात जुन्या फुटक्या भांड्यांची कुटून केलेली भुकटी मिसळायची, म्हणजे भाजताना तडा जात नाही. मग मातीच्या वळ्या एकावर एक चढवत हाताने भांडे उभे करायचे, सावलीत सुकवायचे, गुळगुळीत गोट्याने घासायचे. पांढऱ्या मातीचा पातळ लेप, त्यावर गेरूचा तांबडा आणि मँगनीजचा काळा रंग. त्रिकोण, चौकटी, फण्यासारख्या रेघा, जाळी. शेवटी उघड्यावरच शेणी आणि लाकडे रचून भाजायचे. आपल्याकडे कुंभाराचे चाक फिरवणे पुरुषाकडे असते आणि बाई माती मळते, रंग देते. तिथे खेड्यात सारे काम बाईचे, आणि चाकावरची शहरी कुंभारकी मात्र पुरुषांची.

या बायकांच्या नक्षीविषयी बरेच लिहिले गेले आहे. कुणी तिच्यात गुप्त लिपी पाहतो, कुणी प्राचीन देवीची पूजा. मला ही ओढाताण वाटते. तेच त्रिकोण आणि त्याच चौकटी विणलेल्या कांबळ्यांवर आहेत, आजीच्या हनुवटीवरच्या गोंदणातही आहेत. जी बाई तिन्ही करते तिचा हात तिन्हीकडे सारखाच चालणार. या नक्षीची परंपरा मात्र खरोखर फार जुनी आहे. कॉन्स्टंटाइनजवळच्या तिद्दिस इथल्या थडग्यांत इस्लामच्या कितीतरी शतके आधीची अशीच रंगवलेली भांडी सापडली आहेत.

आणि चिठ्ठीतल्या दुसऱ्या शब्दाची भानगड इथेच सुरू होते. कबिलियाचे भांडे चकाकते. जुने असेल तर मधासारखी पिवळसर झाक येते. दुकानदार तिला 'ग्लेझ' म्हणतो. ती झिलई नव्हेच. भांडे आगीतून निघून गरम असतानाच बाई त्यावर पाइनच्या झाडाची राळ घासते. राळ वितळते, पसरते आणि थंड झाली की चकचकीत थर बसतो. रंग पक्के होतात, पाणी झिरपणे कमी होते. पण हे वार्निश झाले. पुन्हा आगीवर ठेवले तर जळून जाईल.

खरी झिलई म्हणजे काच. भांड्याच्या अंगावर वितळवलेली आणि अंगाशी एकजीव झालेली काच. वाळू वितळायला फार मोठी उष्णता लागते. ती उष्णता खाली आणण्यासाठी मगरिबचे कुंभार शिशाचे खनिज वाटून त्यात मिसळत. नुसते शिसे घातले की झिलई पारदर्शक होते. तांबे घातले की हिरवी, मँगनीज घातले की तपकिरी-जांभळी, लोखंड घातले की मधाच्या रंगाची. आणि कथील घातले की दुधासारखी पांढरी, अपारदर्शक, म्हणजे खालच्या लाल मातीचा पत्ताच लागत नाही. कथलाचे नाव काढले की आपल्याला कल्हईवाला आठवतो, आणि ती आठवण अगदी जागेवर आहे. 'कल्हई' हा शब्दच अरबी 'क़लई'वरून आला आणि त्याचा अर्थ कथील. आपल्याकडे कथील तांब्या-पितळेवर चढले, तिकडे मातीवर. या कामाला बंद भट्टी हवी, दूरवरून येणारी खनिजे हवीत, भांडवल आणि बाजार हवा. शेणीच्या आगीवर हे होत नाही. म्हणून झिलई शहरात राहिली आणि राळ डोंगरात.

पांढऱ्या कथील-झिलईचा हुनर अब्बासी काळात इराकमध्ये बहरला. चिनी पोर्सेलीन बघून इराकी कारागिरांनी तसा पांढरा रंग साध्या मातीवर आणला. तिथून हे ज्ञान पश्चिमेला गेले. कैरवानच्या जामा मशिदीच्या मिहराबभोवती नवव्या शतकातल्या सोनेरी चकाकीच्या फरश्या आजही आहेत. काही बगदादहून आणल्या आणि बाकीच्या बगदादच्याच एका कारागिराने तिथे बसून केल्या, असे जुन्या लेखकांनी नोंदवले आहे. कैरवानजवळ ८७६ मध्ये वसवलेल्या रक्कादा या राजनगरीत पिवळ्या झिलईवर हिरव्या-तपकिरी नक्षीचे वाडगे बनू लागले. पुढे फातिमी खलिफा कैरो गाठायला निघाले आणि ९७२ मध्ये इथला कारभार त्यांनी सन्हाजा टोळीच्या बुलुग्गीन इब्न झीरीकडे सोपवला. झीरी घराणे अस्सल अमाझीग. कैरवानशेजारच्या सब्रा अल-मन्सूरिया या त्यांच्या राजधानीत भट्ट्या चालत होत्या. याच घराण्याच्या अल-मुइज्ज इब्न बादीस (कारकीर्द १०१६ ते १०६२) या सुलतानाच्या नावावर शाई, रंग आणि ग्रंथबांधणी यांच्या कृती सांगणारे एक पुस्तक आहे. 'बर्बर' म्हणजे असंस्कृत, हे समीकरण अशा ठिकाणी जरा अडचणीत येते. अल-मुइज्जने फातिमींची निष्ठा झुगारली, बनू हिलालच्या अरब टोळ्या मगरिबवर आल्या, १०५७ मध्ये कैरवान लुटले गेले आणि दरबार समुद्रकाठच्या महदियाला हलला. इब्न खल्दूनने या टोळ्यांना टोळधाडीची उपमा दिली. ती उपमा पुढे फ्रेंचांनी आपल्या सोयीने किती वापरली, ते पुढे येईलच.

या काळातले वाडगे पाहायचे असतील तर एक अनपेक्षित जागा आहे. इटलीतले पिसा. कलत्या मनोऱ्याचे ते पिसा. तिथल्या जुन्या चर्चच्या भिंतींत, छपराखालच्या पट्टीत आणि खिडक्यांच्या वर, गोल झिलईदार वाडगे चुन्यात बसवलेले होते. त्यांना 'बाचिनी' म्हणतात. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेल्या सान पिएरो आ ग्रादोपासून ही पद्धत दिसते आणि पुढची दोन-तीन शतके चालते. संगमरवर महाग, रंगीत दगड दुर्मीळ. उन्हात हे वाडगे रत्नांसारखे चमकत. त्यातले पुष्कळसे मुस्लिम जगातून आलेले. ट्युनिशिया, सिसिली, अंदलूस, मायोर्का, मिसर. एका वाडग्यावर त्रिकोणी शिडांचे जहाज रंगवले आहे. पश्चिम भूमध्य समुद्रातल्या कुठल्यातरी मुस्लिम बंदराच्या कुंभाराने काढलेले हे जहाज चर्चच्या भिंतीवर नऊशेहून अधिक वर्षे नांगरून होते.

हे वाडगे तिथे पोहोचले कसे? १०८७ मध्ये पिसा आणि जिनोआच्या आरमाराने झीरींच्या महदियावर हल्ला केला, शहर लुटले, आणि त्या लुटीच्या पैशांतून पिसात सान सिस्तो हे चर्च उभे राहिले. या चर्चवरही बाचिनी आहेत. त्यामुळे बरीच वर्षे लोक सहज म्हणत की हे सारे वाडगे युद्धातली लूट, पराभूत मुसलमानांची भांडी विजयस्तंभासारखी भिंतीवर टांगलेली. ऐकायला पटते. पण ग्रात्सिएल्ला बेर्ती आणि लियाना तोंजोर्जी या दोन संशोधक बायकांनी पिसातले वाडगे एकेक करून तपासले आणि १९८१ मध्ये त्यांचे मोठे पुस्तक आले. चर्चच्या बांधकामाचे साल माहीत असल्यामुळे वाडग्याचे सालही कळते, हा त्यांच्या कामाचा मोठा फायदा. शिवाय पिसा शहरातल्या उत्खननांत, साध्या घरांच्या कचऱ्यात, अगदी याच जातीच्या भांड्यांचे तुकडे निघाले. म्हणजे पिसाचे लोक ही भांडी विकत घेत होते आणि त्यांत जेवत होते. तलवार अधूनमधून चालली, व्यापार रोजच चालला. महदियाची लूट खरी आहे, ती लपवायचे कारण नाही. पण प्रत्येक वाडग्यावर रक्त शोधणाऱ्यांनी त्यातल्या उष्ट्याचे डागही पाहावेत. हवा-पाण्याने खराब होऊ लागल्यावर मूळ वाडगे काढून पिसाच्या सान मातेओ संग्रहालयात ठेवले गेले, आणि चर्चवर त्यांच्या जागी बऱ्याच ठिकाणी नकला बसवल्या.

त्याच पिसाचा एक मुलगा याच व्यापाराच्या ओघात बिजायाला गेला. बिजाया म्हणजे हम्मादींची, झीरींच्याच भाऊबंदांची एकेकाळची राजधानी, कबिलियाच्या किनाऱ्यावरचे बंदर. वडील तिथे पिसाच्या व्यापाऱ्यांच्या वतीने जकातीच्या कामावर होते. मुलगा तिथे हिंदी अंक शिकला. त्याचे नाव लिओनार्दो, जग त्याला फिबोनाची म्हणते, आणि १२०२ मध्ये त्याने लिहिलेल्या ग्रंथाने युरोपला आपले अंक शिकवले. एकाच वाटेने वाडगे गेले आणि शून्यही गेले. बाराव्या शतकाच्या अखेरीपासून ट्युनिसकडून पांढऱ्या झिलईवर निळ्या-तपकिरी नक्षीचे वाडगे पिसात येत राहिले. पुढे तेराव्या शतकात पिसाच्या कुंभारांनी स्वतःच कथील-झिलई सुरू केली. इटलीच्या ज्या 'मायोलिका' भांड्यांचे लिलाव आज लाखांच्या बोलीने होतात, त्यांच्या नावातच मायोर्का बेट आहे.

मगरिबच्या दुसऱ्या टोकाला फेझ. तिथे मरीनी घराणे, तेही अमाझीग, झनाता टोळीचे. सुलतान अबू इनानने १३५० ते १३५५ च्या दरम्यान बांधलेल्या बू इनानिया मदरशाच्या भिंती रंगीत झिलईच्या तुकड्यांनी मढलेल्या आहेत. याच अबू इनानच्या हुकुमाने इब्न बतूताने १३५५ मध्ये आपला सफरनामा सांगून लिहवून घेतला. आपण त्याला सरसकट 'अरब प्रवासी' म्हणतो. तो तांजियरचा, त्याच्या नावात 'अल-लवाती' आहे, आणि लवाता ही बर्बर टोळी. हा माणूस १३४२ नंतर दिल्लीहून दक्षिणेला येताना दौलताबादला थांबला, नंदुरबारहून गेला. मराठ्यांचा उल्लेख त्याने नावानिशी केला आहे आणि नंदुरबारच्या मराठ्यांचे कसब, त्यांची वैद्यकी आणि ज्योतिष यांची तारीफ केली आहे. आपल्याकडचे हुनर ओळखणारी ती नजर एका 'बर्बरा'ची होती, हे शाळेच्या पुस्तकात आले तर बरे होईल.

भांड्यांकडेही त्याचे लक्ष असे. चीनची भांडी हिंदुस्थानात जातात आणि तिथून पुढे थेट आमच्या मगरिबपर्यंत पोहोचतात, असे तो लिहितो. दमास्कसच्या गल्लीतला त्याचा एक प्रसंग मला फार आवडतो. एका लहान गुलाम पोराच्या हातून चिनी थाळी पडून फुटली. लोक जमले. कुणीतरी म्हणाले, तुकडे गोळा कर आणि भांड्यांच्या वक्फच्या मुतवल्लीकडे जा. पोर गेला, तुकडे दाखवले आणि तशीच थाळी घेण्याइतके पैसे त्याला मिळाले. नाहीतर मालकाने मारले असते किंवा निदान झापले तरी असते, असे इब्न बतूता म्हणतो. फुटलेल्या भांड्यांसाठी वक्फ! आजच्या आपल्या वक्फच्या जमिनींचे हाल पाहता हे वाक्य दोनदा वाचावेसे वाटते.

दुकानात मिळणारे झिलईदार 'बर्बर' वाडगे मात्र मरीनी काळातले नसतात. ते बहुतेक एकोणिसाव्या-विसाव्या शतकातले. फेझची 'झ्लाफा', म्हणजे हरीरा प्यायची वाटी. 'मुखफिया', म्हणजे मोठी खोलगट थाळी. पांढऱ्यावर निळी नक्षी. किंवा साफीच्या टेकडीवरच्या भट्ट्यांमधली. किंवा दक्षिणेला दरा नदीच्या खोऱ्यातल्या तामग्रूतची, काळपट हिरवी, कुठे पिवळी तर कुठे करपलेली. तामग्रूत हे सतराव्या शतकातल्या सीदी मुहम्मद बिन नासिरच्या खानकाहचे गाव. जुन्या हस्तलिखितांचे कुतुबखाना आणि कुंभारांच्या भट्ट्या तिथे एकाच वस्तीत आहेत. कुंभारांना फेझहून आणून वसवले असे तिथली परंपरा सांगते. ट्युनिसमध्ये तर पंधराव्या शतकात सीदी कासिम अल-जलीझी नावाचा अंदलूसी फरशी-कारागीर वली मानला गेला. 'जलीझी' म्हणजेच झिलईच्या फरशा करणारा. त्याच्या दर्ग्याचा उपयोग पुढे सिरॅमिकच्या कामासाठीच झाला.

मग या वाडग्यांना बर्बर म्हणायचे की अरब, की अंदलूसी? हा प्रश्न कुंभारांनी कधी विचारला नव्हता. तो फ्रेंचांनी विचारला. १८३० मध्ये अल्जीरिया आणि १९१२ मध्ये मोरोक्को ताब्यात आल्यावर त्यांनी माणसांची वाटणी केली. अरब म्हणजे शहरी, कट्टर, बाहेरचे. बर्बर म्हणजे डोंगरातले, मूळचे, वरवरचे मुसलमान आणि म्हणून आपल्याला जवळचे. हिलालींच्या टोळधाडीची उपमा इथे कामाला आली. भांड्यांचीही वाटणी झाली: चाक, झिलई, मशीद एका कपाटात, बाई, हात, राळ दुसऱ्या कपाटात. १९३० मध्ये तर सुलतानाच्या सहीने फर्मान काढून बर्बर भागांना शरियत अदालतींपासून वेगळे काढण्याचा घाट घातला गेला. त्याला उत्तर मशिदींतून मिळाले. संकटकाळी पढायची 'या लतीफ'ची दुआ फेझ, सले, रबातच्या मशिदींत सामूहिकपणे म्हटली गेली आणि मोरोक्कोच्या स्वातंत्र्यचळवळीची ती सुरुवात ठरली. फोडा आणि राज्य करा हे तंत्र आपल्याला तोंडपाठ आहे, त्यावर अधिक लिहीत नाही.

त्या कपाटांच्या हिशेबाने 'झिलईदार बर्बर वाडगा' ही वस्तू असूच शकत नाही. प्रत्यक्षात ती हजार वर्षे बनत होती. साफीच्या कुंभारकीला विसाव्या शतकात नवी उभारी देणारा बुजमा लमाली हा अल्जीरियातून आलेला कारागीर होता. फ्रेंच भट्टीचे शास्त्रही त्याने शिकून घेतले होते. त्याच्या बोटांत कुठली परंपरा कुठे संपते हे कुणी सांगावे!

वाडगा हातात घेणाऱ्याने त्याला उलटा करून पाहावे. आत मध्यभागी तीन बारीक व्रण दिसले तर भट्टीत वाडगे एकावर एक रचताना मध्ये तीन पायांची मातीची तिवई ठेवली होती असे समजावे. तडा गेलेल्या जागी धातूचे टाके असतील तर वाडगा कुणाच्या तरी घरात इतका लाडका होता की फुटल्यावरही तो टाकवला नाही. आणि कितीही मोह झाला तरी त्यात लिंबू, दही, सिरका घालून खाऊ नये. जुन्या झिलईतले शिसे आंबट पदार्थात उतरते आणि ते विषच आहे.

राहिला 'जुना' हा शब्द. पिसाच्या वाडग्यांची तारीख चर्चमुळे कळते. डोंगरातल्या बायकांच्या भांड्यांना असा आधार नाही. संग्रहालयांतली कबिलियाची भांडी बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरची. त्याआधीची नव्हती असे नाही, पण फुटलेले भांडे तिथे फेकत नसत. सेजनानच्या बायकांचे हे कौशल्य २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेले. त्या अजूनही फुटक्या भांड्याचे तुकडे कुटतात, चाळतात आणि ओल्या मातीत मिसळून नवे भांडे उभे करतात. आजीचा वाडगा नातीच्या वाडग्यात असतो, म्हणून तो दुकानात येत नाही.